उकळून गार केलेलं पाणी

घर
४ फेब्रुवारी

घुम्या, आशीर्वाद.

आमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना एक पद्धत होती. जाणारी सिस्टर येणारीला आधी वाईट सांगायची आणि मग बरं. कोण गेलं, कुणाचा ताप उतरत नाही, कुणाच्या घरच्यांना बोलावून घ्यावं लागेल, हे आधी. कोण उठून बसलं, कुणी चहा मागितला, हे शेवटी. जन्मभर तसंच बोलत आले, म्हणून तसंच लिहिते. तुझ्या निळ्या तारामाशाचा एक हात चिरडलाय, आणि तो माझ्यामुळे चिरडलाय.

झालं असं, की तुझ्या माशांच्या टाकीच्या काचेवर शेवाळ धरलं होतं. ते मी लांब दांड्याच्या खरवडणीनं काढत होते. दांडा मागे सरकला, वरच्या दगडाला लागला, आणि तो दगड गडगडत खाली आला. खाली हे महाराज पसरलेले. मी हात घालून दगड उचलला तर एक हात मध्यावर चपटा झालेला. हात म्हणायचं की पाय, ते तुझं तू ठरव.

मी घाबरले नाही. कोपरापर्यंत हात धुतले. त्याला हलकेच बाहेर काढला, माझ्या जुन्या किडनी ट्रेमध्ये ठेवला. नळाचं पाणी थेट घेतलं नाही बरं का. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, स्वच्छ फडक्यातून गाळलं, त्यानं जखम दोनदा धुतली, गॉजनं वाळू टिपून घेतली आणि मग परत पाण्यात सोडला. रक्त नाही, आरडाओरडा नाही, असा गुणी पेशंट मी नोकरीत पाहिला नव्हता. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी हात विसरलेला नाही, याचं खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. आता तो कोपऱ्यात पडून आहे. दमला असेल.

जाताना तू म्हणाला होतास, "आई, याला काही करावं लागत नाही, फक्त पाणी सांभाळ." आणि मी हे करून बसले. आता पुढे काय करायचं ते सांग. पट्टी पाण्यात टिकणार नाही, एवढं मलाही कळतं.

तुझा फोन कधीपासून लागत नाही. जहाज नांगरावर आहे, कागदपत्रांचं काहीतरी चाललंय, पत्र एजंटच्या पत्त्यावर टाक म्हणजे पाण्याच्या बोटीबरोबर येईल, एवढंच तू मागे कळवलंस. जहाज चालवणाऱ्या इंजिनियरला पोस्टानं पत्र पाठवायचं म्हणजे गंमतच आहे. जानेवारीअखेर येणार होतास. कधी येतोस?

वरच्या मजल्यावरचे वकील पेपर न्यायला आले होते. टाकीत वाकून बघत म्हणाले, "गेले का हो?" अशिलाची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, आहेत अजून.

तुझी,
आई


जहाजावरून
१५ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

तुझं पत्र आज मिळालं. बोटवाल्यानं दोरीला बांधून वर पाठवलं, पिशवीत बटाट्यांबरोबर.

मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस. तो दगड मीच नीट बसवला नव्हता, कधी ना कधी पडणारच होता. आणि तू जे केलंस ते छान केलंस. एवढ्या शांत डोक्यानं मलाही सुचलं नसतं.

आता फक्त इतकं कर. त्याला परत बाहेर काढू नकोस. हवेत धरलेलं त्याला सोसत नाही. परत धुऊही नकोस, एकदा धुतलंस ते पुरे झालं. टाकीवरचा दिवा बंद ठेव आणि त्याच्या बाजूच्या काचेवर चादर टाक. पंपाचा झोत दुसरीकडे वळव. दर दोन-तीन दिवसांनी एक बादली पाणी बदल, पण नवीन पाण्यात कपाटातलं मीठ घालून, त्या काचेच्या नळीनं मोजून, टाकीतल्या पाण्याइतकंच खारं झाल्यावर, अगदी बारीक धारेनं. घाई नको. त्याला खायला घालू नकोस. बाकी आपल्या हातात काही नसतं. तारामासे चिवट असतात.

माझं म्हणशील तर सगळं ठीक आहे. जहाज उभंच असल्यामुळे काम कमी, झोप भरपूर. कागदांचा घोळ अजून मिटायचा आहे, मालक आणि बंदरवाले यांचं काय ते चाललंय. आपल्याला त्यात काय कळतं? जेवण मस्त असतं. आमचा कुक आता एकाच भाजीचे चार प्रकार करायला शिकलाय. जनरेटर संध्याकाळी बंद ठेवतो, त्यामुळे इतकी शांतता असते की लोक पैसे देऊन अशा ठिकाणी सुट्टीला जातात.

येण्याची तारीख कळली की लगेच कळवतो. तुझ्या गुडघ्यांना जप. टाकीजवळ स्टूल ठेव, वाकू नकोस.

तुझा,
घुम्या


घर
२६ फेब्रुवारी

घुम्या, आशीर्वाद.

तुझा सल्ला म्हणजे वरातीमागून घोडं. पत्र पोचलं तोवर मी त्याला खायला घालून बसले होते. पेशंटच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. कोळंबीचा बारीक तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. तो ढिम्म. कोळंबी मात्र फुगली आणि पाणी गढूळ झालं. ती काढली, बादली बदलली, दोन्ही केशरी मासे माझ्याकडे असे बघत होते की मेट्रन परवडली.

वाईट ते सांगते. चिरडलेल्या जागी पांढरा डाग आला आहे. आधी भाताच्या शितापेक्षा लहान होता, आता माझ्या करंगळीच्या नखाएवढा झालाय. तो हात नुसता लोंबतो. बाकीचे चार हातही पूर्वीसारखे ताठ नाहीत, कडेनं वळून वर येतात. खालची ती बारीक पायांची झालर काचेला धरत नाही. काल तो काचेवरून घसरून खाली पडला आणि तसाच उताणा राहिला. तू बाहेर काढू नको म्हणालास, म्हणून पाण्यात हात घालून नुसता पालथा केला. तेवढं चालतं का? विचारायला कुणी नाही. जिथून मीठ घेतोस तिथे फोन केला, तर तो म्हणाला, "दुसरा घ्या ना, नवीन माल आलाय." मी फोन ठेवला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. चादर टाकली, झोत वळवला, मीठ मोजून घातलं. माझ्या वॉर्डात निदान इंजेक्शन तरी होतं. डॉक्टरला उठवता येत होतं. काहीच नसलं तर कपाळावर हात ठेवता येत होता. याच्या कुठे हात ठेवू? कपाळ कुठलं याचं? स्टुलावर बसून बघते, एवढंच करते. माझे हात टेकले आहेत.

आता तुझ्याकडे वळते. तुझं पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं, इंजिनरूमच्या कुठल्याशा छापील तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. जहाजावर कागद नाहीत का रे? आणि तुला जेवणाचं कधीपासून पडलं? लहानपणी तू पानात काय आहे हे न बघता गिळायचास.

मनगट मोडलं होतं तेव्हा दोन दिवस शाळेत गेलास आणि कुणाला बोलला नाहीस, आठवतं? आई सिस्टर, घरात औषधांचं कपाट, आणि पोरगं मूग गिळून बसलेलं. डाव्या हातानं जेवत होतास म्हणून मला कळलं. तेव्हापासून तू घुम्या. नाव उगीच नाही पडलं.

सगळं ठीक आहे म्हणतोस तर ठीकच असेल. तारीख कळव.

तुझी,
आई


जहाजावरून
९ मार्च

आई, नमस्कार.

पाण्यात हात घालून पालथा केलास ते चालतं. अगदी बरोबर केलंस.

पांढरा डाग वाढत गेला तर तो बहुतेक तो हात टाकून देईल. घाबरू नकोस. त्यांच्यात ते असतंच, नकोसा झालेला भाग ते स्वतःच सोडतात. हात सुटला तर फेकू मात्र नकोस. माझ्या कपाटात छोटी जाळीदार डबी आहे, ती टाकीतच आतल्या बाजूला अडकव आणि हात तिच्यात ठेव. या निळ्या जातीत कधीकधी सुटलेल्या हातालाच नवे हात फुटतात. महिने लागतात, आणि दर वेळी होतंच असं नाही. पण होतं.

आणि धड जर मऊ पडलं, पाण्यात विरायला लागलं, तर मात्र वाट बघू नकोस. लगेच काढ, नाहीतर पाणी नासून बाकीचे जातील. हे मी फक्त माहिती म्हणून लिहितोय. तशी वेळ येणार नाही.

इथली खबर म्हणजे मला बढती मिळाल्यासारखं आहे. बरेचसे लोक घरी गेले. कुकही गेला. त्याला मुलगी झाली आहे, अजून त्यानं तिला पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे स्वयंपाक आता माझ्याकडे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. कॅप्टनच्या खुर्चीत बसून चहा पितो, कोण बोलणार? जागा ऐसपैस. मागच्या डेकवरून गळ टाकला की कधीकधी मासा मिळतो, म्हणजे तुझ्या टाकीपेक्षा माझी टाकी मोठी.

जरा अंग खाजतं, बाकी तब्येत उत्तम. काळजी करू नकोस. माझ्यासाठी त्या दोन केशरी माशांना चिमूटभर जास्त घाल.

तुझा,
घुम्या


घर
२० मार्च

घुम्या,

आधी वाईट. तारामासा गेला.

हात सोमवारी सुटला. तो मी डबीत ठेवला. बुधवारी सकाळी चादर उचलली तर धड पसरलेलं, मधोमध उकललेलं, आणि त्यातून पांढरट काहीतरी पाण्यात सुटत होतं. तू माहिती म्हणून लिहिलेलं उपयोगी पडलं. जाळीनं उचलायला गेले तर जाळीतून ओघळला. वाटीनं काढावा लागला. मी पुष्कळ जणांना शेवटचं पुसून, कपडे घालून पाठवलंय. पण जे हातात धरताच येत नाही, त्याला नीट कसं पाठवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वकील दारात येऊन उभे होते. पेपर न घेताच वर गेले.

आता दुसरं वाईट सांगते, आणि ते नीट वाच.

त्याच दुपारी पाणी बदलायचं म्हणून बादलीत मीठ ढवळत होते. काचेची नळी बुडवली, आकडा बघितला, अजून थोडं घातलं. असं करता करता माझा हात थांबला. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी काय शिकवत होते? सलाइनमध्ये मीठ का असतं, सिस्टर? तर म्हणे, साधं पाणी शिरेत सोडलं तर रक्तातल्या पेशी पाणी पिऊन फुटतात. स्वच्छ असलं तरी फुटतात. उकळलेलं असलं तरी फुटतात. पाठ करून घ्यायचे मी त्यांच्याकडून, चुकलं तर उभं करायचे.

आणि मी खाऱ्या पाण्यातला जीव बाहेर काढून, त्याची उघडी जखम गोड्या पाण्यानं धुतली. एकदा नाही, दोनदा. फडक्यातून गाळून. दगडानं त्याचा एक हात मोडला होता रे, बाकीचा मी मारला. आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

हे मला दीड महिन्यानं कळलं. तुला पहिल्या ओळीत कळलं असणार. मीठ मोजून, बारीक धारेनं, घाई नको, हे सगळं ज्याला माहीत आहे त्याला हे माहीत नाही? "एकदा धुतलंस ते पुरे झालं" म्हणे! आणि त्याच पत्रात "छान केलंस". तुला ठाऊक होतं की तो जगणार नाही, आणि मला तू महिनाभर स्टुलावर बसवून ठेवलंस.

मी तुझ्यावर रागावले नव्हते, म्हणजे लगेच नाही. आधी वाटलं, पोरगं माझं मन सांभाळतंय. मग तुझी दोन्ही पत्रं काढली आणि पेशंटचा चार्ट वाचावा तशी वाचली. "छान केलंस" ज्या हातानं लिहिलंय त्याच हातानं "जेवण मस्त" लिहिलंय. "तशी वेळ येणार नाही" आणि "तब्येत उत्तम", अक्षर तेच, सूर तोच. आणि मला तुझा तो डावा हात आठवला.

मग विचारते. बरेचसे लोक घरी गेले म्हणजे किती उरले? जनरेटर बंद ठेवता की चालत नाही? अंग खाजतं म्हणजे कुठे, लाल आहे की पाणी धरलंय? कुकला मुलगी झाली म्हणून तो गेला, तर तू का गेला नाहीस? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझ्या चुकीचा रिपोर्ट मला मिळायला हवा होता, तो तू दाबलास. तुझा दाबू नकोस. मी तुझी आई आहेच, पण हे सिस्टर म्हणून विचारतेय, आणि सिस्टरपुढे कुणी लाजत नाही.

डबीतला हात अजून तसाच आहे. मेलाय का जिवंत, मला कळत नाही.

आई


जहाजावरून
६ एप्रिल

आई,

वाईट आधी.

मी एकटा आहे.

मालकानं जहाज सोडून दिलंय. फोन उचलत नाही, ऑफिसला कुलूप आहे. बंदराच्या कोर्टानं जहाज अडकवून ठेवलंय, आणि त्यांचा नियम असा, की जहाजावर एक तरी माणूस राहिलाच पाहिजे. नाहीतर ते सुटून दुसऱ्यावर आदळेल. बाकीच्यांना युनियननं घरी पाठवलं. कॅप्टन आजारी होता, तो आधीच गेला. शेवटी कुक आणि मी उरलो. कोण राहणार विचारायला बंदराचा माणूस आला, तेव्हा कुक माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं. दोन आठवड्यांत बदली माणूस देऊ म्हणाले होते. त्याला आता दोन महिने होतील. कुक गेला ते तुला मी उशिरा कळवलं, भाजीचे चार प्रकार लिहिले तेव्हाच तो गेलेला होता. माझा पासपोर्ट बंदरवाल्यांकडे आहे. किनारा दिसतो, गाड्यांचे दिवे दिसतात, पण उतरता येत नाही.

डिझेल संपलंय. उजेड नाही, फ्रिज नाही, पंखा नाही. तळाला पाणी झिरपतं, ते हातपंपानं उपसतो. पाण्याची बोट येते, पण कधी वेळेवर येते कधी नाही. पिण्यापुरतंच असतं, म्हणून आंघोळ समुद्राच्या पाण्यानं करतो. त्यानं काखेत आणि मांड्यांना फोड आलेत. आधी लाल होते, आता काहींतून पाणी येतं. भात आणि बटाटे खातो. गेल्या आठवड्यात मी इंजिनच्या मीटरशी बोलत होतो असं माझ्या लक्षात आलं. बंद मीटरशी. त्याला काटा का हलत नाही म्हणून रागावत होतो.

तारामाशाचं तू म्हणतेस ते खरं आहे. पहिलं पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं. पत्र इथे पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं होतं. खरं लिहून त्याचं काही भलं होणार नव्हतं, तुझी झोप तेवढी गेली असती. तू इतकं कौतुकानं लिहिलं होतंस, हात विसरला नाही म्हणून. ते मला मोडवेना. मला वाटलं झाकली मूठ बरी. माझंही तसंच. तुला कळून तू काय करणार होतीस? तिथे बसून रडली असतीस. मी इथे बसून तुझ्या रडण्याचा विचार केला असता. त्यापेक्षा "जेवण मस्त" लिहिणं सोपं होतं. आणि खोटं कशाला बोलू, ते लिहिताना माझं मलाही जरा खरं वाटायचं.

पण तुझं हे पत्र वाचलं आणि बरं वाटलं नाही, तरी हलकं वाटलं. तू विचारलंस म्हणून सांगतो. आई, मला इथे भीती वाटते. बुडायची नाही. असं वाटतं की मी इथे आहे हे सगळे विसरतील. आत्ताच विसरले असतील.

शेवटी बरं काहीतरी लिहायचं असतं ना तुमच्यात? मला सुचत नाहीये.

घुम्या


घर
१७ एप्रिल

घुम्या, माझ्या राजा,

आधी वाईट. मला तुला तिथून काढता येत नाहीये.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी खलाशांच्या युनियनच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काउंटरवरच्या बाईनं तुझं नाव शोधलं आणि म्हणाली, प्रकरण तिकडच्या कोर्टात आहे. मी म्हटलं, मग तिकडे कुणाशी बोलू? ती म्हणाली, तिकडचे आमचे लोक बघतायत. बंदराच्या ऑफिसला फोन लावून द्या म्हटलं. लावला. तिकडे कुणी उचलला, त्याची भाषा मला येईना, माझी त्याला येईना. मी तुझं नाव घेत राहिले, तो "येस मॅडम, येस मॅडम" म्हणत राहिला. मग फोन कट झाला.

वकिलांनी अर्ज लिहून दिला. पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला नाही. अर्जावर शिक्का बसला, पोच मिळाली. एवढंच झालं. बदली माणूस कधी, असं विचारलं की सगळे "लवकरच" म्हणतात. हे लवकरच मी नातेवाइकांना फार वेळा सांगितलंय, त्याचा अर्थ मला कळतो.

आता मी रोज जाते. ऑफिस उघडलं की बाकावर बसते, बंद झालं की येते. भांडत नाही. नुसती समोर दिसत राहते. त्यांना वाटत असेल म्हातारी कंटाळेल. त्या बाईनं काल न मागता मला पाणी आणून दिलं आणि तुझं पूर्ण नाव विचारलं नाही, पाठ झालंय तिला. यातून काही होईल का, माहीत नाही. पण तुला सगळे विसरलेत असं तू लिहिलंस ना, तर निदान त्या एका खोलीत तुला विसरायची सोय मी ठेवलेली नाही.

फोडांचं सांगते, ते ऐक. समुद्राच्या पाण्यानं आंघोळ ताबडतोब बंद. मीठ कातडीवर वाळतं आणि घासून जखम होते. अंग नाही धुतलं तरी चालेल. पिण्याच्या पाण्यातलं पेलाभर रोज बाजूला काढ, उकळ, गार कर, स्वच्छ फडकं भिजवून फोड हलके टिप. चोळू नकोस. मग उघडे ठेव, वारा लागू दे. ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर बोटवाल्याला सोडू नकोस, त्याच्या बोटीत उतरून बस, मग कोर्ट काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे लिहिताना पेन थांबलं माझं. उकळून गार केलेलं पाणी. ज्याला नको होतं त्याला मी ते ट्रे भरून दिलं, आणि ज्याला हवंय त्याला एक पेला पाठवता येत नाही. एवढा समुद्र मध्ये आहे, आणि त्यातला थेंबही तुझ्या कामाचा नाही. मला फार वाईट वाटतं रे. सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. तसलं लिहायचं नाही, असं आता आपलं ठरलंय.

तू म्हणालास, कळून मी काय करणार होते, रडले असते. हो, रडले. पण आता मी रडते ती माहिती असून रडते. ते वेगळं असतं. तू ठीक आहेस समजून मी इथे निवांत चहा पीत होते, त्या दिवसांचाच मला जास्त राग येतो. यापुढे बोट येवो न येवो, रोज लिहून ठेव. ड्यूटी बदलताना सांगतात तसं. मीटरशी बोलायचं ते मला लिही, मी निदान रागावेन तरी.

आता बरं. आमच्यात ते शेवटी असतं, तुला बरोबर आठवलं.

डबीतला हात मेलेला नाही. परवा सकाळी तो डबीच्या तळाला होता, संध्याकाळी जाळीच्या भिंतीला चिकटलेला दिसला. मी हात लावलेला नव्हता. भिंगातून बघितलं तर तुटलेल्या टोकाशी बारीक उंचवटे आहेत, मोहरीएवढे. वकील म्हणतात नवे हात फुटतायत. मी म्हटलं, सूजही असेल. मला खरंच माहीत नाही. जिवंत आहे आणि एकटा आहे, एवढं नक्की. रोज मीठ मोजते, बारीक धारेनं पाणी घालते आणि स्टुलावर बसते.

तूही असंच लिही. वाईट आधी. बरं काही असेल तर शेवटी, आणि नसेल तर खाली जागा कोरी सोड. मी तीही वाचेन.

तुझी,
आई